ब्लॅक कॅव्हियार: २५ पैकी २५, पण सगळ्या छोट्या रेसा. आजोबांना काय सांगू?

निखिल_सासवड

नमस्कार मंडळी. माझे आजोबा ८१ वर्षांचे आहेत. पुण्याचा रेसचा सीझन त्यांनी चाळीसेक वर्षं एसटीनं ये-जा करून पाहिला. पैसे फारसे लावले नाहीत, पण घोडा ओळखण्याचा त्यांना नाद. आता दृष्टी कमी झाली आहे, म्हणून संध्याकाळी मी त्यांना मोबाईलवर जुन्या रेसा लावून देतो.

परवा ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅक कॅव्हियार या रेसच्या घोडीबद्दल वाचून दाखवलं. २००९ ते २०१३, २५ रेसा, २५ विजय, त्यांतल्या १५ ग्रुप वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या. आजोबा शांतपणे म्हणाले, "अंतर सांग." बहुतेक हजार-बाराशे मीटर, असं सांगितल्यावर म्हणाले, "बाराशेत घोडा कळत नाही रे. घोडा कळतो तो दम संपल्यावर." मग इंग्लंडमधल्या ॲस्कॉटची २०१२ ची रेस दाखवली. तिथे ती फ्रान्सच्या घोडीपुढे जेमतेम मुंडीभर फरकानं राहिली. त्यावर त्यांचं म्हणणं, "घराबाहेर पडली आणि पितळ उघडं पडलं."

मला उत्तर देता आलं नाही. मी फक्त शेवटच्या दोनशे मीटरचे तुकडे पाहिलेत. तिला धावताना प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी इथे आहे का? तिच्यासमोरचे घोडे खरंच तगडे होते की हलके?

चर्नीरोड_६७

तुमचे आजोबा बरोबर बोलतायत. त्याच २०१२ च्या रॉयल ॲस्कॉटला, मंगळवारी, इंग्लंडच्या फ्रँकेल या घोड्यानं क्वीन ॲन स्टेक्स ११ लेंग्थनं (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी) मारली. शनिवारी ही आली आणि मुंडीनं वाचली. फ्रँकेल १४ पैकी १४, आणि मैलावरून सव्वा मैलावर गेला तरी तोच रुबाब. घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्म या ब्रिटिश संस्थेचं रेटिंग त्याला १४७, हिला १३६. स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतराची घोडी म्हणून ती उत्तम होती, त्याबद्दल वाद नाही. पण चॅम्पियन घोडा म्हटल्यावर अंतर बदलून दाखवावं लागतं. आपल्याकडेही स्प्रिंटर्स कपपेक्षा लांब अंतराच्या इन्व्हिटेशन कपला मान जास्त आहे, ते उगाच नाही.

वानवडीची_मंगल

निखिल, आजोबांना माझा नमस्कार सांगा. मी ती घोडी सहा वेळा माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून लिहायला बसले. जरा लांबेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एकतीस वर्षं सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे होते. पाऊस लागला की घोडे पुण्यात, थंडी लागली की मुंबईत महालक्ष्मीला. त्यामुळे आम्हा भावंडांच्या वाट्याला वडील अर्धं वर्षच यायचे. पुण्याच्या सीझनला त्यांचा डबा पोचवायचं काम माझं. पागेत शिरल्यावर अण्णा काय करायचे, ते सांगते. घोड्याच्या तोंडावरून हात नाही, थोपटणं नाही. आधी खाली वाकून चारही खुरांना तळहात लावायचे. खूर गार लागला की मगच घोड्याशी बोलायचे, मगच खरारा हातात घ्यायचे. एखादा खूर ऊन लागला, तर डबा तसाच ठेवून ट्रेनरकडे जायचे. मला सांगायचे, "लोक मान बघतात, तू पाय बघ."

२००९ साली मी नर्सिंगसाठी मेलबर्नला आले. फूट्सक्रेला खोली घेतली होती. नदीपलीकडे फ्लेमिंग्टनचं रेसकोर्स. सुरुवातीचं दीड वर्ष मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये, मेलबर्न कपच्या आठवड्यातल्या शेवटच्या शनिवारी, रात्रपाळी करून आले, झोप लागेना, म्हणून गेले. त्या दिवशी पॅटिनॅक फार्म क्लासिक होती, बाराशे मीटर.

फ्लेमिंग्टनला बाराशेची रेस सरळ रेषेत होते, वळण नाही. स्टँडमधून बघितलं तर नुसत्या मुंड्या दिसतात. मी खाली कठड्याला गेले, शेवटच्या तीनशे मीटरच्या आसपास. घोडे दिसायच्या आधी जमिनीतून खुरांचा आवाज येतो, तो पुण्यातल्यासारखाच. मग ते आले. बाकीच्या जॉकींचे हात चालू होते, काहींचे चाबूक उठले होते. मध्ये गुलाबीसर कापडावर काळे ठिपके असलेला एक जॉकी निवांत बसून होता. ल्यूक नोलेन. त्याच्याखाली गडद कुमेत रंगाची ही रुंद घोडी, मागचा भाग इतका भक्कम की मला आधी ती नर वाटली. तिचे पाय बाकीच्यांपेक्षा कमी वेळा पडत होते. मी खरंच मोजायला गेले, दोन ढांगांत ती पुढे निघून गेली. चार लेंग्थनं जिंकली. मागे ‘स्टार विटनेस’ आणि ‘हे लिस्ट’ (Hay List) नावाचे घोडे होते, दोघेही नावाजलेले. त्या रात्री अण्णांना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "खूर कसे आहेत?" मला सांगता आलं नाही, म्हणून पुढच्या वेळी पॅडॉकपाशी, रेसआधी घोडे फिरवतात तिथे, तासभर आधी जाऊन उभी राहिले.

आता अंतराबद्दल. लांबच्या रेसमध्ये जॉकीला घोडा सावरायला जागा असते. सुरुवात चुकली तर मागे बसतो, दम राखतो, वळणावर वाट शोधतो. बाराशेत ती सोय नाही. गेटमध्ये अडखळलात, पहिल्या शंभर मीटरमध्ये कुणी अंगावर आलं, की झालं. म्हणून स्प्रिंटर एवढ्या वेळा हरतात, अगदी चांगलेसुद्धा. पंचवीस वेळा एकदाही तसं न होऊ देणं हे मला दीड मैलाच्या एका मोठ्या कपापेक्षा अवघड वाटतं. त्यातही मेलबर्न आणि ॲडलेडला डावीकडे वळायचं, सिडनी-ब्रिस्बेनला उजवीकडे, आणि फ्लेमिंग्टन, ॲस्कॉटला सरळ. सगळीकडे तीच पुढे.

वजनाचं आजोबांना समजावून सांगायला नको. मार्च २०११ ची न्यूमार्केट हँडिकॅप. हँडिकॅपर वजन टाकतो ते सगळे घोडे एका रेषेत यावेत म्हणून. तिच्यावर ५८ किलो होतं. बाराशे मीटर १ मिनिट ७.३६ सेकंदात. दर दोनशे मीटरला सरासरी सव्वाअकरा सेकंदांच्या आत, आणि त्यात उभ्यानं सुटलेली पहिली ढांगही आली.

आणि चर्नीरोड, तुम्ही म्हणता अंतर बदलून दाखवावं. तिनं ते दाखवलं, फक्त लोकांच्या लक्षात राहिलं नाही. ११ फेब्रुवारी २०१२, कॉलफिल्डला ऑर स्टेक्स, १४०० मीटर, ग्रुप वन. तिथून सातच दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, फ्लेमिंग्टनला लाइटनिंग, १००० मीटर, हीसुद्धा ग्रुप वन. दोन्ही मी पाहिल्या. चौदाशेला घोड्याला श्वास राखायला शिकवावं लागतं. हजारला गेट उघडल्याबरोबर सगळं ओतायचं. एका आठवड्यात हे दोन्ही, आणि दुसऱ्या रेसमध्ये समोर ताजातवाना हे लिस्ट. तो त्या दिवशी जीव तोडून पळाला, तरी मागे राहिला.

हे लिस्टबद्दल थांबून दोन ओळी लिहायलाच हव्यात. "समोरचे हलके होते" या म्हणण्याला तो एकटा पुरेसा आहे. लाइटनिंग, सिडनीची टी. जे. स्मिथ, ब्रिस्बेनची बीटीसी कप, सगळीकडे तो तिच्या पाठोपाठ. मार्च २०१२ च्या न्यूमार्केटला ती नव्हती. तेव्हा ५८.५ किलो घेऊन तोच जिंकला. ती नसती तर त्या काळातला ऑस्ट्रेलियाचा सर्वांत मोठा स्प्रिंटर म्हणून आपण त्याचं नाव घेतलं असतं. माझा जीव त्याच्यासाठी फार तुटायचा.

ॲस्कॉटबद्दल वेगळं लिहिते, आत्ता ड्यूटीवर निघायचंय.

निखिल_सासवड

मंगलताई, हे सगळं आजोबांना वाचून दाखवलं. खुरांचं ऐकून त्यांनी मान डोलावली. ५८ किलो ऐकल्यावर "हं" म्हणाले, आणि त्यांचा "हं" सहजी निघत नाही. पण ॲस्कॉटवर अडून बसलेत. वाट बघतोय.

वानवडीची_मंगल

ड्यूटी संपली. लिहिते.

२३ जून २०१२. मेलबर्नमध्ये रात्रीचा पाऊण वाजलेला, बोचरी थंडी. गावाच्या मध्यभागी फेडरेशन स्क्वेअरला मोठा पडदा लावला होता, हजारो माणसं. म्हाताऱ्या बायकांनी गुलाबी-काळ्या ठिपक्यांचे स्कार्फ घातलेले, पोरं बापाच्या खांद्यावर. घोड्यासाठी अर्ध्या रात्री माणसं रस्त्यावर येतात, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

ती तिथवर कशी गेली तेही बघा. कॉलफिल्डच्या तबेल्यातून इंग्लंडपर्यंत तीस तासांच्या आसपासचा प्रवास, अंगावर गळ्यापासून शेपटीपर्यंत घट्ट बसणारा खास पोशाख, स्नायू आखडू नयेत म्हणून. त्याआधी एप्रिल-मेमध्ये ॲडलेडला दोन ग्रुप वन धावून झालेल्या. म्हणजे जानेवारीपासून ती काम करत होती. ऑस्ट्रेलियातला हिवाळा, तिथला उन्हाळा, शरीराचं घड्याळच उलटं.

रेस सुरू झाली आणि मला पहिल्या चारशे मीटरमध्येच कळलं की काहीतरी बिनसलंय. ती पुढे होती, पण ढांग आखूड होती. पॅटिनॅकच्या दिवशी जी लांब ढांग मोजता आली नव्हती, ती आज मोजता येत होती. माझ्या शेजारचा माणूस ओरडत होता, "जा, जा," आणि मी मनात म्हणत होते, हिला दुखतंय. ॲस्कॉटच्या सरळ वाटेचा शेवट चढाचा आहे. तिथे नोलेननं हात सैल सोडले. त्याला वाटलं रेस झाली. बाहेरून ती फ्रान्सची घोडी, मूनलाइट क्लाउड, आली. स्क्वेअरमध्ये एवढी शांतता झाली की मागच्या ट्रामची घंटा ऐकू आली. मग पडद्यावर नंबर आला.

नोलेनची चूक होती, आणि त्यानं ती त्याच दिवशी सगळ्यांसमोर मान्य केली. मला त्याबद्दल त्याचा आदर वाटतो.

मूनलाइट क्लाउडला कमी लेखू नका. फ्रान्समधली प्री मोरिस द गीस्ट तिनं २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली. ताज्या अंगानं, आपल्या खंडात, आपल्या ऋतूत आलेली अव्वल घोडी होती ती.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. तिकडे रात्रीचे सव्वाआठ वाजून गेलेले, अण्णा जेवत होते. म्हटलं, जिंकली, पण थोडक्यात. अण्णांनी विचारलं, "परत येताना कशी चालली?" मी म्हटलं, राणीनं तिच्या नाकावरून हात फिरवला, लोक टाळ्या वाजवत होते. "ते नको. मागचा पाय कसा टाकत होती?" मी सांगितलं, आखूड टाकत होती. म्हणाले, "मग ती तीन पायांवर जिंकली. तपासतील तेव्हा कळेल."

आणि तपासल्यावर तेच निघालं. मांडीच्या मोठ्या स्नायूला चौथ्या ग्रेडची फाट, शिवाय कंबरेच्या सांध्यापाशी आणखी एक. मी रोज माणसांच्या मांड्या-कंबरा हाताळते. अशी फाट असलेला माणूस पलंगावरून उतरताना माझा खांदा धरतो. म्हणून आजोबांना सांगा, दम संपल्यावर घोडा कळतो हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. त्या रात्री तिचा दम नाही, पायच संपला होता, आणि तरी तिनं मुंडी पुढे ठेवली. बाकीच्या चोवीस रेसांत ती किती वेगवान आहे ते दिसलं. ती कोण आहे ते मला ॲस्कॉटला दिसलं.

पशुवैद्य_सातारा

मंगलताईंच्या स्नायूच्या मुद्द्याला जोड देतो. घोड्याला पुढे ढकलण्याचं काम मागच्या पायांचं. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघा सरळ करतो आणि पाय पुढे आणतो. तो फाटला की ढांग आखूड होणारच. घोडा भरधाव असताना एका ढांगेला एकच श्वास घेतो, श्वास आणि ढांग एकमेकांना बांधलेले असतात. ढांगेची लय बिघडली की श्वासाचीही बिघडते. चढावर हे सगळ्यात जास्त जाणवतं. तिथे ती थांबली असती तर कुणाही पशुवैद्याला नवल वाटलं नसतं.

आणि खुराला तळहात लावण्याची अण्णांची सवय शंभर नंबरी. लॅमिनायटिस नावाचा आजार तिथेच आधी कळतो. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणाऱ्या नाजूक पापुद्र्यांना सूज येते, खूर ऊन लागतो, वरच्या बाजूला नाडी जोरात उडते. पापुद्रे सुटले की हाड खाली घसरतं, आणि अर्ध्या टनाचं जनावर उभंच राहू शकत नाही. पुष्कळदा याचं मूळ पायात नसतंच, शरीरात दुसरीकडे जंतुसंसर्ग झाला तरी शेवटी तो पायावर येतो. अमेरिकेचा सेक्रेटेरियट १९८९ साली यानंच गेला. ब्लॅक कॅव्हियारही यानंच गेली ना?

वानवडीची_मंगल

हो, यानंच. १७ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी तिला अठरा पूर्ण होणार होती. शेवटचं शिंगरू जन्माला घातलं आणि त्यानंतर तिला वेदनांतून मोकळं करावं लागलं. अण्णा त्याआधीच गेले होते. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा त्यांचा तळहात आठवला.

पण ॲस्कॉटनंतरची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती ट्रेनर पीटर मूडीच्या खात्यावर जमा व्हायला हवी. २१०,००० डॉलरला शिंगरू असताना घेतलेली ही घोडी. मालक म्हणजे मित्रमंडळींची काही कुटुंबं. पहिल्या दोन सीझनांत ती दुखण्यांमुळे मोजकीच धावली, २०१० च्या जानेवारीपर्यंत पाचच रेसा. दुसऱ्या कुणी तिला दामटलं असतं. मूडीनं नाही दामटलं. ॲस्कॉटनंतरही जवळजवळ आठ महिने तिला विश्रांती दिली. सगळे म्हणत होते, आता निवृत्त करा, हरली तर काय घ्या.

१६ फेब्रुवारी २०१३ ला ती लाइटनिंगला परत आली. तोवर त्या रेसला तिचंच नाव दिलेलं होतं. मी कठड्यापाशी त्याच जागी उभी राहिले. हजार मीटर, ५५.४२ सेकंद. १९८८ पासूनचा फ्लेमिंग्टनचा विक्रम मोडला. ताशी पासष्ट किलोमीटरची सरासरी, आणि आठ महिन्यांपूर्वी हिची मांडी फाटलेली. मी पाय बघत होते. ढांग परत लांब झाली होती. मी रडले, शेजारच्या अनोळखी बाईनं मला रुमाल दिला.

त्यानंतर मूनी व्हॅलीची विल्यम रीड, मग एप्रिलमध्ये सिडनीला रँडविकची टी. जे. स्मिथ, पंचविसावी. चारच दिवसांनी निवृत्तीची घोषणा झाली. त्या दोन मी टीव्हीवरच पाहिल्या.

चर्नीरोड, फ्रँकेल मोठा, त्यात शंका नाही. मला तुलना करायचीच नाही. तो कधी असा जखमी होऊन धावला नाही, हे त्याचं भाग्य.

निखिल, आजोबांना २०१२ ची लाइटनिंग दाखवा. पूर्ण दाखवा, गेटपासून. आवाज बंद करा, कॉमेंटेटर फार ओरडतो. त्यांना दिसेल तेवढं दिसू दे.

चर्नीरोड_६७

सात दिवसांत चौदाशे आणि हजार, दोन्ही ग्रुप वन, हे माझ्या लक्षात नव्हतं. आत्ता दोन्ही रेसा पाठोपाठ पाहिल्या. फ्रँकेल माझ्यासाठी अजूनही वर आहे, पण "अंतर बदललं नाही" हे वाक्य मागे घेतो.

निखिल_सासवड

काल रात्री जेवणानंतर लाइटनिंग लावली, आवाज बंद करून. आजोबांनी मोबाईल डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. तीनदा पाहिली. मग ॲस्कॉट परत लावायला सांगितली, आणि रेस संपल्यावर ती परत फिरते तिथे दोनदा थांबवायला लावली. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "त्या पोरीचा बाप जाणता होता."

झोपायच्या आधी परत हाक मारली. मला वाटलं औषध राहिलं. तर विचारतात, "तो दुसरा, सारखा हिच्या मागे राहणारा, काय नाव म्हणालास? साडेअठ्ठावन्न किलो घेऊन जिंकला ती रेस आहे का तुझ्याकडे? लाव उद्या."

२०१२ ची न्यूमार्केट शोधतोय. पूर्ण, गेटपासून असलेली कुणाकडे असेल तर कळवा.